बिल्ड बसला की घरतकाका

आमच्या ऑफिसातल्या आठही स्क्रीनवर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, जखमेवर लावायची एकेक पट्टी चिकटवलेली होती. औषधाच्या दुकानात सुटी मिळते ती, तपकिरी रंगाची. नवीन आलेल्या माणसाला आधी वाटायचं की आठही स्क्रीन फुटल्या आहेत आणि आमची कंपनी फार काटकसरी आहे. मग त्याला कुणीतरी समजावून सांगायचं की पट्टीच्या खाली एक बटण आहे, 'पुन्हा चालवा' असं लिहिलेलं, आणि ते कुणी दाबू नये म्हणून घरतकाकांनी ते झाकलंय.

"पण काका, बटण माउसनं दाबतात. पट्टीनं काय फरक पडणार?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"दिसत न्हाय तवर हात जात न्हाय," काका म्हणाले आणि माझी पट्टी अंगठ्यानं आणखी घट्ट दाबून गेले.

आमचं ऑफिस उलव्याला. खाली हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही. न्हावा शेवा बंदराच्या आसपास कंटेनर ठेवायची जी खासगी यार्डं आहेत, त्यातल्या एकासाठी आम्ही ॲप बनवतो. ट्रेलरच्या ड्रायव्हरला फोनवर टोकन मिळतं, त्यावर वेळ असते, त्या वेळेला त्यानं गेटवर यायचं. एवढंच काम. पण त्याच्यासाठी आम्ही आठ जण दिवसभर कोड लिहितो, आणि तो कोड तसाच्या तसा यार्डात पाठवता येत नाही. आधी तो एका भाड्याच्या मशीनवर जातो. ते मशीन कुठं आहे हे आम्हाला माहीत नाही, कधी बघितलेलं नाही. तिथं कोडचे तुकडे एकत्र जुळवले जातात, मग शेकडो छोट्या टेस्ट चालवून तो तपासला जातो. ह्या सगळ्या प्रकाराला बिल्ड म्हणतात. सगळं बरोबर निघालं तर हिरवी खूण येते, नाहीतर लाल.

गंमत अशी की लाल खूण दर वेळी आमच्या चुकीमुळे येत नाही. कोड बरोबर असतो, पण मशीनलाच झेपत नाही. कधी डिस्क भरते, कधी मेमरी पुरत नाही, कधी ठरलेल्या वेळात काम संपत नाही आणि मशीन मधेच सगळं बंद करून टाकतं. अशा वेळी जगभरचे लोक एकच गोष्ट करतात. 'पुन्हा चालवा' दाबतात आणि चहाला जातात. दहातल्या चार वेळा दुसऱ्यांदा हिरवं येतंही.

घरतकाकांना हा प्रकार अजिबात खपत नसे. "झालं म्हणजे काय झालं?" ते विचारत. "आधी का न्हाय झालं ते कोन सांगणार?"

बिल्ड 'फेल झाला' असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या भाषेत बिल्ड 'बसायचा'. चढावर ट्रेलर बसतो तसा. बिल्ड बसला की ते आपल्या खुर्चीतून उठायचे, चष्मा शर्टाला पुसायचे, आणि ज्याचा बसलाय त्याच्यामागे येऊन उभे राहायचे. प्रश्न ठरलेला असे. "जागा संपली, दम संपला का वेळ संपला?" जागा म्हणजे डिस्क. दम म्हणजे मेमरी. वेळ म्हणजे वेळ. ह्या तिन्हींपैकी एक उत्तर यायलाच हवं. "माहीत नाही काका" म्हटलं तर ते शेजारची खुर्ची ओढून बसत आणि लॉग मोठ्यानं वाचायला लावत. लॉग म्हणजे मशीननं काय काय केलं त्याची ओळीमागून ओळ नोंद, दीड-दोन हजार ओळींची. ते मोठ्यानं वाचणं म्हणजे टेलिफोनची डिरेक्टरी गाऊन दाखवण्यासारखं आहे. पण काका डोळे मिटून ऐकत, आणि मधेच हात वर करत. "थांब. ही ओळ परत."

लोकांना ते नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. मी चौलची, म्हणून मी 'चौल'. माझ्या शेजारी बसणारा इम्तियाज बोर्ली पंचतनचा, तो 'बोर्ली'. आमचे मॅनेजर दिवेकर साहेब साताऱ्याचे, त्यांना तोंडावर 'सातारासाहेब' म्हणायची सोय काकांनी स्वतःच करून घेतली होती. साहेबांनी पहिल्यांदा भुवया उंचावल्या. दुसऱ्यांदा सवय झाली. आता त्यांना कुणी दिवेकर म्हटलं तर ते क्षणभर थांबून मग वळतात.

घरतकाका आमच्या धंद्यातले नव्हतेच मुळात. वय बावन्न-त्रेपन्न, उरणकडच्या एका आगरी गावचे, वडील मिठागरात राबलेले. मिठागरं गेली, त्या जागी यार्डं आली, आणि काका अशाच एका यार्डात नोकरीला लागले. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थराला ठेवायचा हे ठरवण्याचं काम. बरीच वर्षं त्यांनी ते केलं. मग पंचेचाळिशी ओलांडल्यावर अचानक कॉम्प्युटर शिकायला बसले. यार्डात आमचं ॲप आलं तेव्हा आमच्या माणसांना ते इतके प्रश्न विचारायचे की शेवटी दिवेकर साहेबांनी त्यांनाच इकडे घेतलं. त्या वयात माणसाला हे कसं सुचलं, असं कुणी विचारलं तर काका म्हणत, "बसून काय करायचं?" आणि विषय संपे.

यार्डातलं त्यांचं डोकं मात्र इथं फार कामाला आलं. एकदा इम्तियाजचा बिल्ड दोन दिवस बसत होता. डिस्क भरली, एवढंच मशीन सांगत होतं. इम्तियाजनं आपल्या फाइल्स कमी केल्या, फोटो लहान केले, काय काय केलं. काका आले, यादी उघडायला लावली.

"हे जुने डबे कोनाचे?"

यार्डात कंटेनरला डबाच म्हणतात, आणि योगायोगानं आमच्याकडेही बिल्डसाठी जी बंदिस्त खोकी बनवतात त्यांना कंटेनर असंच नाव आहे. काकांना ह्या गोष्टीचा मनापासून आनंद होता. आपला धंदा बदललाच नाही, असं ते म्हणत.

"जुन्या बिल्डचे असतील. कामाचे नाहीत, रिकामे आहेत," इम्तियाज म्हणाला.

"रिकामा डबा काय हवेत तरंगतो? त्याला बी तेवढीच जागा लागते की." सहा महिन्यांचे जुने डबे होते. कुणी काढलेच नव्हते. ते काढले, बिल्ड हिरवा. काकांनी नंतर दर सोमवारी रिकामे डबे आपोआप निघावेत अशी सोय लावून दिली आणि त्या सोयीचं नाव ठेवलं 'झाडू'.

दुसऱ्या वेळी वेळ संपत होता. बिल्ड एक तास नुसता उभा राहायचा आणि मशीन त्याला बंद करायचं. काकांनी शोधून काढलं की माझी एक टेस्ट दुसऱ्या एका सर्व्हरला निरोप पाठवत होती आणि उत्तराची वाट बघत बसत होती. तो सर्व्हर आम्हीच दोन आठवड्यांपूर्वी बंद केला होता.

"बिचारी," काका म्हणाले.

"कोण?"

"टेस्ट तुझी. तिला कोनी सांगितलंच न्हाय."

असे ते होते. मशीनवर रागावलेलं मी त्यांना पाहिलं नाही. माणसांवरही क्वचितच. त्यामुळे त्या मे महिन्यात मी जे केलं ते त्यांना सांगायची वेळ आली तेव्हा मला जास्तच जड गेलं.

झालं असं. काका गावच्या जत्रेसाठी चार दिवस रजेवर होते. माझं एक काम यार्डाला द्यायचं होतं. ड्रायव्हरला टोकनची वेळ बदलता यावी, असं. बिल्ड दर वेळी एका ठरावीक टेस्टच्या आसपास बसत होता. माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालत होतं. दिवेकर साहेब सकाळपासून तीनदा येऊन गेले होते. मी ती टेस्ट थोडा वेळ बाजूला काढली. म्हणजे मशीनला सांगितलं की ही तपासू नको. बिल्ड हिरवा झाला, कोड यार्डात गेला, साहेबांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

त्या कोडमध्ये चूक होती. बाजूला काढलेल्या टेस्टनं ती नक्की पकडली असती. वेळ बदललेलं टोकन दाखवलं की गेट ते ओळखत नव्हतं, आणि ड्रायव्हरला पुन्हा रांगेच्या शेवटी जावं लागत होतं. मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर सावली नाही, ट्रेलरची केबिन तापलेली. गेटवरचा माणूस फोन करून म्हणाला, "मॅडम, एक माणूस काल सकाळपासून तिसऱ्यांदा मागं गेलाय."

दुरुस्ती तीन ओळींची होती. मी ती अर्ध्या तासात लिहिली, काढलेली टेस्ट परत लावली, कोड पाठवला. बिल्ड बसला.

लॉगची शेवटची ओळ एका शब्दाची होती, 'किल्ड'. कुणी मारलं, का मारलं, काही नाही. इम्तियाजनं इकडेतिकडे बघितलं, आपल्या स्क्रीनवरची पट्टी हळूच उचलली आणि 'पुन्हा चालवा' दाबलं. लाल. परत दाबलं. लाल. सात वेळा दाबलं. मग पट्टी परत चिकटेना, म्हणून त्यानं ती थुंकी लावून बसवली.

दिवेकर साहेबांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. "मशीन छोटं पडतंय. मोठं घेऊ." त्यांनी भाड्याचं मशीन बदलून दुप्पट मेमरीचं घेतलं. आम्ही सगळे त्यांच्या खुर्चीभोवती उभे राहिलो. बिल्ड आधी आठव्या मिनिटाला बसत होता, आता चौथ्या मिनिटाला बसला. साहेब स्क्रीनकडे झुकले. "मोठ्या मशीनवर लवकर बसतो?" ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टेस्ट वगळून पाठव. माणसं उन्हात उभी आहेत."

माझा हात कीबोर्डवर गेलाही होता. माणसं खरंच उन्हात उभी होती. पण ती उभी होती तीसुद्धा अशाच एका वगळलेल्या टेस्टमुळे, आणि हे फक्त मला माहीत होतं. मी साहेबांना म्हटलं, "मला एक तास द्या." आणि घरतकाकांना फोन केला.

काका जत्रेतून सरळ आले. कपाळाला गुलाल, हातात चुरमुऱ्याची पिशवी. पिशवी इम्तियाजच्या टेबलावर ठेवली आणि माझ्यामागे उभे राहिले.

"जागा, दम का वेळ?"

"दम," मी म्हटलं. "पण काका, त्याआधी एक सांगायचंय." आणि मी सगळं सांगून टाकलं. टेस्ट काढली ते, कुणाला बोलले नाही ते, गेटवरच्या माणसाचा फोन.

काकांनी चष्मा पुसला. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला. "मना तवाच फोन करायचास," ते म्हणाले. एवढंच. मग खुर्ची ओढून बसले. "वाच."

"कुठला लॉग? आजचा?"

"आजचा बी आणि चांगला झालेला बी. दोन्ही काढ. एक ओळ ह्याची, एक ओळ त्याची."

तर मी डावीकडे हिरव्या बिल्डचा लॉग उघडला, उजवीकडे लाल बिल्डचा, आणि वाचत सुटले. बाकीचे आधी हसले, मग आपापल्या कामाला लागले. इम्तियाज चुरमुरे खात ऐकत बसला. सव्वातीनशे ओळी दोन्हीकडे सारख्या होत्या. मग मी वाचलं, "टेस्टसाठी कामगार, चार." आणि उजवीकडची ओळ, "टेस्टसाठी कामगार, सोळा."

काकांचा हात वर गेला.

"परत."

मी परत वाचलं.

"सोळा कोनी सांगितले?"

कुणीच सांगितले नव्हते. टेस्ट चालवणारं जे साधन आहे ते स्वतःच ठरवतं. मशीनला किती प्रोसेसर आहेत ते मोजतं आणि तेवढे कामगार कामाला लावतं. प्रत्येक कामगार, म्हणजे एकाच वेळी टेस्ट चालवणारा एकेक छोटा प्रोग्रॅम, आपापली मेमरी घेतो.

"आपल्याला त्या मशीनचे किती दिलेत?"

मी भाड्याच्या सेवेचं पान उघडलं. सोळा प्रोसेसरचं ते मशीन अनेकांत वाटलेलं होतं; आम्हाला त्यातले फक्त दोन दिलेले होते, आणि त्या मानानं मेमरी.

काका खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं. "बघ चौल," ते म्हणाले, "आपल्याला बिल्डिंगमधी एक खोली दिलीय भाड्यानं. दोन माणसांची. हे येडं काय करतं, खाली रस्त्यावर उभं राहतं आणि अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या मोजतं. सोळा खिडक्या, म्हणून सोळा पाहुण्यांना जेवायला बोलावतं. ते सगळे येतात आपल्या खोलीत. मग मालक काय करणार? हाकलणारच."

इम्तियाजनं चुरमुरे खायचे थांबवले. "आणि कधी कधी चालायचं ते?"

"कवा कवा बिल्डिंग लहान मिळते. चार खिडक्यांची. चार जण दाटीवाटीनं बसतात, जेवतात, जातात."

"म्हणजे मी मोठं मशीन घेतलं तेव्हा…" दिवेकर साहेब मागे कधी येऊन उभे राहिले होते कळलंच नाही.

मी नवीन मशीनवरचा लॉग काढला. कामगार, चौसष्ट.

"तुमी खोली वाढवली सातारासाहेब," काका अगदी आदरानं म्हणाले, "पण पाहुणे त्याच्याहून जास्त वाढले."

साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी इम्तियाजसमोरच्या पिशवीतून मूठभर चुरमुरे घेतले आणि खुर्ची ओढून तेही बसले.

उपाय एका ओळीचा होता. किती प्रोसेसर दिसतात ते मोजू नकोस, कामगार दोनच लाव, असं मशीनला सांगायचं. ती ओळ काकांनी मला लिहू दिली. जुनं, लहान मशीनच परत घेतलं. बिल्ड सुरू झाला. पाचवं मिनिट गेलं, आठवं गेलं, बारावं गेलं. चौदाव्या मिनिटाला, सगळ्या टेस्ट चालवून, मी परत लावलेलीसुद्धा, हिरवी खूण आली.

मी साहेबांना तिथंच टेस्ट वगळल्याचं सांगितलं. त्यांनी मला दोन मिनिटं चांगलं ऐकवलं, आणि तिसऱ्या मिनिटाला स्वतःच म्हणाले, "मीही आज तेच करायला सांगत होतो म्हणा." तो विषय तिथं मिटला.

कोड यार्डात गेला तेव्हा साडेचार झाले होते. काका म्हणाले, "चल, बघून येऊ." त्यांच्या स्कूटरवरून आम्ही गेटवर गेलो. ऊन कलायला लागलं होतं, पण डांबर अजून तापलेलं होतं. रांगेत ट्रेलर उभे होते. सगळ्यात पुढचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, गळ्यात ओला टॉवेल गुंडाळलेला, त्यानं खिडकीतून हात काढून फोन दाखवला. गेटवरच्या मशीननं टोकन वाचलं, दांडी वर झाली. त्याला विश्वास बसला नाही. तो पुढे जाईना. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

काका पुढे झाले. "जा, जा. झालं तुझं."

"पक्का?" तो म्हणाला. "वापस तो नहीं भेजोगे?"

"न्हाय भेजेगा. खाना खाया क्या?"

त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि ट्रेलर आत गेला. त्याच्यामागचा गेला, त्याच्यामागचाही. काका दहा-बारा गाड्या जाईपर्यंत उभे राहिले. मीही राहिले. त्या माणसांना माझी चूक कळली नव्हती आणि दुरुस्तीही. मला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं वाटलं, पण थोडं लाजल्यासारखंही वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी मी चौलहून परत येताना काकांच्या घरी गेले. आमच्या वाडीतले नारळ आईनं त्यांच्यासाठी मुद्दाम बांधून दिले होते. मी घरी सगळी हकिगत सांगितली होती आणि आईच्या मते अशा माणसाला नुसतं थँक्यू म्हणून भागत नाही.

त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता ट्रेलरचं पार्किंग आहे. मधे हे एकमजली घर, दारात जास्वंद, पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्या. दुपारचे चार वाजले होते. काका पडवीत बसले होते, फोन स्पीकरवर ठेवून, आणि जोरात बोलत होते. मला बघून त्यांनी हातानंच बसायला सांगितलं.

"…तर तिनं वाचलं, कामगार सोळा. मी म्हटलं परत वाच."

"अरे वा," पलीकडून एक मुलीचा आवाज आला. "मग?"

"मग काय, भाड्याची खोली दोघांची—" तेवढ्यात बाहेर एक ट्रेलर वळायला लागला आणि काकांची स्कूटर त्याच्या वाटेत होती. ड्रायव्हर हाका मारत होता. काका उठले, फोन माझ्या हातात दिला. "प्रणाली हाय, पोरगी माझी. आयर्लंडला असते, आपल्याच कामात. बोल जरा, मी आलोच."

मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. "नमस्कार, मी मेधा. ऑफिसात काकांबरोबर असते."

"म्हणजे तुम्ही चौल," ती हसली. "मला तुम्ही सगळे माहीत आहात. बोर्ली, सातारासाहेब."

"काकांनी कमाल केली हो त्या दिवशी. तुम्हाला तर लगेच कळलं असेल, तुमच्याकडे तर ह्याहून मोठे बिल्ड असतील."

तिनं उलट विचारलं, "बाबा जवळ आहेत?"

"नाही, स्कूटर काढायला गेलेत."

"मग तुम्हाला सांगते. मी ते काम सोडलं. दीड वर्ष झालं. आता इथं एका बालवाडीत शिकवते, आणि मजेत आहे. पण बाबांना सांगितलेलं नाही." तिचा आवाज अगदी शांत होता. "मी इकडे आले तेव्हा बाबा फोनवर दोनच प्रश्न विचारायचे. जेवलीस का, आणि थंडी आहे का. मग म्हणायचे, ठेवतो. आता चाळीस-चाळीस मिनिटं बोलतात. मला त्यातलं निम्मं आठवतही नाही हो. पण ते थांबू नयेत असं वाटतं. तुम्ही नाही ना सांगणार?"

"नाही," मी म्हटलं.

काका पायऱ्या चढत होते. मी स्पीकर परत चालू करून फोन त्यांच्या हातात दिला, नारळांची पिशवी उचलली आणि आत गेले.

आत काकू ओट्याशी उभ्या होत्या. संध्याकाळी सुरमईचं कालवण करायचं म्हणून त्यांनी वाटणाची तयारी मांडली होती. नारळ बघून त्या खूश झाल्या, एक लगेच फोडला, पाणी मला दिलं. बाहेरून काकांचा आवाज येत होता. मी नुसतीच बसले होते, तर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला बी सांगितलंन का तिनं?"

मी पेला खाली ठेवला. "तुम्हाला माहीत आहे?"

"मना तिनं पयल्याच दिवशी सांगितलं. आईला न्हाय सांगणार तं कोनाला?"

"मग काकांना…"

"त्यांचं बी मना ठाव हाय," काकू म्हणाल्या. करवंटीतून खोबरं सोडवत त्या हळू आवाजात सांगत राहिल्या. "पोर गेली आणि ह्यांना तिच्याशी काय बोलायचं तेच कळंना. फोन ठेवला की पडवीत तसेच बसून राहायचे. मग एक दिवस पुस्तकं घेऊन आले. मना म्हणाले, ती दिवसभर जे काम करते ते मना थोडं तरी कळलं पाहिजे, म्हणजे तिला काही विचारता येईल. ह्या वयात लई कठीण गेलं. लई. पोरीला ते ठाव न्हाय. तिला वाटतं बापाला हौस."

"काकू, दोघांना सांगून टाका ना. दोघांनाही बरं वाटेल."

काकूंनी थोडा विचार केला. खरंच केला, नुसतं माझं मन राखायला नाही. मग मान हलवली. "सांगंल तिची ती, कवातरी. आता बोलतायत ना? बोलू दे."

बाहेर काकांची गोष्ट सोळा पाहुण्यांपर्यंत आली होती. पलीकडून हसण्याचा आवाज आला, मोठा, मनमोकळा, आणि त्यात काकाही हसले. मी त्यांना ऑफिसात कधी असं हसताना ऐकलं नव्हतं.

काकूंनी खोबऱ्याचे तुकडे मिक्सरच्या भांड्यात टाकले, वर मिरच्या, लसूण, कोथिंबीर टाकली, झाकण लावलं. बटणापाशी हात नेला. मग बाहेरचा अंदाज घेतला आणि हात मागे घेतला.

"फार आवाज करतो हा," त्या म्हणाल्या, आणि फोन संपेपर्यंत माझ्याशेजारी येऊन बसल्या.